सोलापुरात बोअरचं घर घेतलंय? मोटार बदलायच्या आधी बोअर मोजा

मी मूळची चिपळूणकडची. २००६ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलापूरला आले आणि आता इथलीच झालेय. दरवर्षी कोकणातून, कोल्हापुराकडून बदली होऊन आलेली माणसं जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडे घर घेतात आणि एप्रिल उजाडला की फोन येतो, ताई बोअरची मोटार गेली, दीड एचपीची टाकू की दोनची? त्या सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की इथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्या कोकणात तेवढा जुलैतल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, अख्ख्या दगडात नाही. म्हणून शेजाऱ्याला दोन इंची पाणी (म्हणजे चांगली जाड धार) लागलं म्हणजे तुम्हाला लागेलच असं नाही आणि खोल गेलं की पाणी वाढतं असंही नाही. महापालिकेचं उजनीचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, ते प्यायला-स्वयंपाकाला ठेवायचं आणि बाकी सगळं घर बोअरवर चालतं. म्हणून मोटार बंद पडली की माणूस घाबरून समोर येईल त्याला पैसे देतो. आम्हीही दिले.

आमचा बोअर ३२० फूट. घर घेतलं त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात एक एचपीची मोटार जळाली, मिस्त्री म्हणाला पॉवर कमी पडतेय, दीडची टाका. टाकली. दोन महिन्यांत तीही जळाली. तेव्हा शेजारचे अण्णा, आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात यंत्रमागाजवळ काढलेला माणूस, ते गच्चीवरून बघत होते, खाली आले आणि म्हणाले, "अक्का, बोअरात पाणी किती आहे ते बघितलं का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. मोटार बाहेरच होती, अण्णांनी सुतळीला दर दहा फुटांवर गाठ मारली, टोकाला अर्धी वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली बांधली आणि हळूहळू सोडली. १८५ फुटांवर सुतळी एकदम सैल पडली, वर ओढली तर बाटली ओली. तोपर्यंत आम्ही दोन मोटारी घालवल्या होत्या आणि पाणी कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

आता हिशोब बघा. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. पाण्याच्या पातळीखाली मोटारीपर्यंत शंभर फूट पाणी असेल तर ते झालं साडेसहाशे लिटर, म्हणजे हजाराची टाकीसुद्धा भरत नाही. त्यानंतर झऱ्यातून जेवढं येईल तेवढंच. मोठी मोटार हे उभं पाणी भराभर उपसते, मग कोरडी फिरते, आतलं बेअरिंग आणि वाइंडिंग (तारेची गुंडाळी) तापतं आणि संपलं. मोटारीला थंड ठेवणारं पाणीच नसतं ना! म्हणून दुकानात जायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या. मोटार चालू करून वीस लिटरची बादली किती सेकंदात भरते ते लिहा, किती मिनिटांनी पाइपातून हवा फसफसायला लागते ते लिहा, लगेच मोटार बंद करा आणि पुन्हा तेवढंच पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा. आमचा बोअर मे महिन्यात बावीस मिनिटं चालतो आणि मग दीड तास थांबावं लागतं. त्याला एक एचपीच बरोबर आहे, सोबत ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करतो तो) आणि टायमर, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. २०११ पासून तीच मोटार आहे.

बंद पडली म्हणजे मोटारच गेली असंही धरू नका. बटण दाबल्यावर नुसती हूं हूं करून ट्रिप होत असेल तर बहुतेक वेळा पॅनलमधला, म्हणजे वरच्या स्टार्टरच्या पेटीतला कपॅसिटर गेलेला असतो, तो वरच्या वर बदलता येतो, मोटार काढायची गरजच नाही (पण हे वायरमनकडूनच करा, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो). अँपिअर मीटरचा काटा हललाच नाही तर केबल किंवा वाइंडिंग तुटलंय. प्लेटवरच्या आकड्यापेक्षा खूप जास्त दाखवतोय तर गाळात जाम झालीय. काटा नेहमीपेक्षा खाली आहे आणि पाणी येत नाही, तर पाणी खाली गेलंय किंवा पाइप फुटलाय. मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी घळाघळा मागे जात असेल तर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गेलाय.

मोटार बाहेर काढताना घरी थांबा, कामावर जाऊ नका. आमची काढली तेव्हा तिसऱ्या पाइपाजवळ केबलचं वरचं रबर खडकाला घासून बोटभर सोललेलं होतं, आत तांबं दिसत होतं, आणि जाळीवर खडूसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. हा इथल्या जड पाण्याचा थर, गिझरमध्येही तोच बसतो. केबल दर दहा फुटांवर पाइपाला बांधून घ्या, नायलॉन दोर नवीन टाका, जुनाच परत सोडू देऊ नका, दोर तुटून मोटार आत पडली तर बोअरच जातो. मोटार वॉटर फिल्ड असेल तर सोडायच्या आधी तिच्यात स्वच्छ पाणी भरलंय ना ते डोळ्यांनी बघा. आणि तळाला टेकवू नका, वीस-तीस फूट वर ठेवा, खाली गाळ असतो.

फ्लशिंग करा, म्हणजे हवेच्या दाबाने बोअर साफ करा, म्हणून सगळेच सांगतात, गाळ भरला असेल तर उपयोग होतो, झराच आटला असेल तर होत नाही. नवीन बोअर मारायचा असेल तर नारळवाल्या पाणाड्यावर मी पैसे घालणार नाही, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्हा ऑफिस आहे तिथे जाऊन विचारा. पाणी एकदा तपासूनही घ्या. पिण्याच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतो, नायट्रेट मात्र ४५ च्या वर नको, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल तर.

जुना बोअर सोडून देणार असाल तर तो मातीने नीट भरून बुजवा, उघडा ठेवू नका, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर स्पष्ट आदेश दिलेत आणि गल्लीत पोरं खेळत असतात. किंवा त्याचा पुनर्भरणासाठी, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला वापर करा. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर इथल्या पावसातही वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, थोडं वाया गेलं तरी चाळीस हजार धरा. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, गच्ची झाडून ठेवायची, आणि खडी-वाळूच्या फिल्टरमधूनच आत घ्यायचं, गढूळ पाणी थेट सोडलं तर भेगा बुजतात. इथे सप्टेंबरात पाऊस चांगला होतो, त्याच्या आत काम उरकून घ्या.

आणि स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बोअर किती फूट, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) किती, मोटार किती फुटांवर सोडलीय, कुठल्या तारखेला, आणि पाणी किती फुटांवर. मिस्त्री बदलतात, घरमालक बदलतात, कागद राहतो. आमच्या कागदावरची शेवटची ओळ या मे महिन्यातली आहे, पाणी १९० वर, मोटार २८० वर.