चेस्ट फ्रीझरचा बीअर डिस्पेन्सर करताय? या चुका टाळा

चेस्ट फ्रीझर बनवलेला असतो उणे 18 अंशांसाठी आणि आपल्याला त्यात बीअर ठेवायची असते 3 ते 4 अंशांवर. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच फरकात सापडतं. तरी बहुतेकांचा वेळ जातो तो नळ कुठला घ्यायचा आणि लाकडाला पॉलिश कोणतं द्यायचं यात.

एक चूक मात्र पुन्हा सुधारता येत नाही, म्हणून तीच आधी. फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडू नका. चेस्ट फ्रीझरमध्ये थंडावा देणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या भिंतींच्या आत दडलेल्या असतात आणि त्या नेमक्या कुठून जातात हे बाहेरून कळत नाही. ड्रिल त्यातल्या एकीला लागलं की फ्रीझर कायमचा गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो, हेही लक्षात ठेवा. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवा आणि नळांची भोकं त्या लाकडातच पाडा. चौकट सिलिकॉनने पेटीच्या कडेवर चिकटवायची आणि झाकणाच्या बिजागऱ्या चौकटीच्या मागच्या बाजूला लावायच्या. चौकटीला आतून फोमची शीट लावायला विसरू नका. नुसतं लाकूड थंडी धरून ठेवत नाही.

फ्रीझर विकत घेण्याआधी आतून मोजा. 19 लिटरचा कॉर्नी केग, म्हणजे बीअर भरायचा स्टीलचा उभा डबा, साधारण 65 सेंटिमीटर उंच आणि 22-23 सेंटिमीटर रुंद असतो, वर कनेक्टर आणि नळीच्या वळणाला जागा लागते ती वेगळी. लिटरचा आकडा पाहून किती केग मावतील हे ठरवता येत नाही, कारण कॉम्प्रेसरमुळे आत एका बाजूला पायरी असते. पुठ्ठ्याच्या चकत्या कापून तळाशी मांडून बघा.

थंडी मोजायची कुठे?

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 4 अंशांवर थांबू शकत नाही. त्यासाठी बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर लागतो. फ्रीझरचा प्लग त्यात जातो. फ्रीझरचं मूळ बटण सर्वात थंडवर ठेवा, नाहीतर तो कंट्रोलरच्या आधीच बंद होईल.

सगळ्यात जास्त चुकतं ते सेन्सर ठेवण्यात. तो हवेत लोंबकळत असेल तर झाकण उघडलं की हवा तापते, कॉम्प्रेसर सुरू होतो, लगेच बंद होतो, पुन्हा सुरू होतो. असं सतत चालू-बंद होणं कॉम्प्रेसरला फार लवकर संपवतं. सेन्सर केगच्या अंगाला, बीअर असेल त्या उंचीवर टेपने घट्ट लावा आणि वरून फोमचा तुकडा दाबून बसवा. कंट्रोलरवर चालू आणि बंद होण्याच्या तापमानात 1 अंशाचा फरक आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान 5 मिनिटांचा थांबा लावा. केग बदलताना हा सेन्सर निघून बाहेर राहिला, तर त्याला खोलीचंच तापमान दिसत राहतं, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बीअर गोठते. साध्या बीअरला त्यासाठी उणे 2-3 अंश पुरतात. केग बदलून झाकण लावण्याआधी सेन्सर जागेवर आहे ना, हे एकदा हाताने चाचपा.

ग्लासात नुसता फेस

केगमधली बीअर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधल्या वायूच्या दाबाने नळापर्यंत येते आणि तो दाब रेग्युलेटरने ठरवतात. फेस दिसला की हात आधी त्या रेग्युलेटरकडे जातो आणि प्रेशर कमी केलं जातं. इथेच गाडी रुळावरून घसरते. प्रेशर गरजेपेक्षा कमी झालं की बीअरमधला वायू नळीतच सुटायला लागतो, म्हणजे फेस राहतोच. आणि काही दिवसांत केगमधली बीअरही मचूळ होते. प्रेशर बीअरमध्ये वायू किती हवा त्यावर ठरतं. 4 अंशांवर 12 पीएसआय (दाबाचं एकक) ठेवलं तर बीअरच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू तिच्यात मुरतो, आणि बहुतेक बीअरना तेवढा शोभतो.

मग फेस आवरायचा कसा? आधी बघा, तो कुठल्या ग्लासात येतो. फक्त पहिला ग्लास फेसाळत असेल आणि दुसरा नीट येत असेल, तर दोष थंडीच्या वाटणीत आहे. थंड हवा जड असते, ती तळाशी बसते. वर चौकटीजवळची नळी आणि नळ गरम राहतात. तळातली हवा वर ढकलणारा 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर फॅन लावा. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काही या पेटीत नाही.

प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर नळी आखूड आहे. आतून 5 मिलिमीटरची नळी 12 पीएसआयला साधारण 3 मीटर लागते. सुरुवात लांब नळीने करा, कारण कापता येते, वाढवता येत नाही. नळी पुरेशी असूनही फेस येत असेल तर बीअरमध्ये वायूच जास्त भरलाय. लवकर मुरावा म्हणून प्रेशर 30 पीएसआयवर चढवून ते उतरवायला विसरणं, हे त्याचं नेहमीचं कारण. अशा वेळी गॅस काढून ठेवा आणि केगचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) दिवसभरात अधूनमधून ओढत राहा. आणि नळ नेहमी पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की फेस होणारच.

गॅसबद्दल

प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, विशेषतः केगच्या झाकणाच्या ओ-रिंगला आणि सिलिंडर-रेग्युलेटरमधल्या वायसरला. सिलिंडर बंद करून काटा उतरतो का हे बघणार असाल, तर केग आधी सोडवा. बीअर वायू शोषत असेल तर गळती नसतानाही काटा उतरतो.

सिलिंडर फ्रीझरच्या आत ठेवला की वरच्या मीटरचा काटा बराच खाली येतो आणि गॅस संपला असं वाटतं. तो थंडीचा परिणाम आहे. आत द्रवरूप गॅस असेपर्यंत तो काटा तापमान सांगतो, शिल्लक नाही. शिल्लक बघायची तर सिलिंडर वजन करून बघा. सिलिंडर कायम उभाच ठेवा, आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर पेटीत साचून राहतो. त्यामुळे झाकण उघडून लगेच डोकं आत घालू नका, आणि बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या खोलीत हा फ्रीझर ठेवू नका.

4 अंशांवर आतली ओल गोठत नाही, ती भिंतींवरून तळाशी उतरते आणि बुरशी धरते. सिलिका जेलचा पुन्हा वाळवता येणारा डबा आत ठेवा, तळ अधूनमधून पुसा. केग संपला की नवा लावण्याआधी नळीतून लाइन क्लीनर (बीअरची नळी साफ करायचं द्रावण) फिरवा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा, आणि नळ खोलून त्याची तोटी ब्रशने घासा.