पुस्तकबांधणीचे जुने चित्र कसे वाचावे

पुस्तकबांधणीच्या कार्यशाळेचे जुने युरोपीय चित्र पाहताना नजर सहज कारागिराच्या चेहऱ्याकडे आणि पोशाखाकडे जाते. ती तेथून हलवून त्याच्या हातांवर आणि अवजारांवर आणावी, कारण बांधणीचा कोणता टप्पा चालू आहे हे तेथेच उमगते.

सरावासाठी योस्ट अमान याने काढलेले, १५६८ साली फ्रँकफुर्टमध्ये छापलेले लाकूडठशाचे चित्र घ्यावे. मागे बसलेल्या कारागिरापुढे एक चौकट आहे आणि तिच्यात ताणलेल्या दोऱ्यांवर तो घडी घातलेले फर्मे, म्हणजे छापील कागदांचे दुमडलेले जुडगे, एकेक करून शिवत आहे. माझ्या मते अशा कोणत्याही चित्रातील सर्वांत बोलका भाग ही चौकटच असते. पुस्तकाच्या कण्यावर, म्हणजे शिवलेल्या पाठीवर, कातडे चढवल्यावर या जाड दोऱ्या आडव्या उंचवट्यांच्या रूपाने वर दिसतात. म्हणून एखाद्या विद्वानाच्या व्यक्तिचित्रात टेबलावर मिटलेला ग्रंथ असला, तर त्याच्या कण्यावरील उंचवटे मोजून आतल्या शिवणीचा अंदाज बांधता येतो. मात्र पुढच्या काळात केवळ शोभेसाठीही असे उंचवटे काढले जात, हे ध्यानात ठेवावे.

अमानच्या चित्रात पुढे असलेला दुसरा कारागीर शिकंज्यात आवळलेल्या पुस्तकाच्या कडा कापतो आहे. हे काम शिवणीनंतरचे असूनही ते पुढे दाखवले आहे; तेव्हा चित्रातील जागेवरून कामाचा क्रम ठरवू नये.

दिदरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच ज्ञानकोशाचे चित्रखंड १७६२ ते १७७२ या काळात निघाले. त्यांतील बांधणीच्या कार्यशाळेत एक जण दगडावर जड हातोड्याने फर्मे ठोकतो, एक स्त्री शिवते, तिसरा कडा कापतो आणि चौथा पुस्तके दाबण्याचे मोठे यंत्र आवळतो. हाताने बनवलेल्या कागदाच्या घड्या फुगीर राहत, त्या ठोकून दाट बसवाव्या लागत. तेथील नीटनेटकेपणा मात्र खऱ्या कार्यशाळेचा पुरावा मानू नये, कारण ती मांडणी वाचकाला काम समजावण्यासाठी केलेली आहे.

छापील चित्रावरून कारागीर उजखुरा की डावखुरा, हेही ठरवू नये. ठशावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलट बाजूने उमटते. त्यातील अक्षरे सरळ वाचता आली तरी शंका फिटत नाही, कारण अक्षरे मुद्दाम उलटी कोरली जात.