मूडलला बाहेरची साधने जोडण्यापूर्वी

गेल्या सत्रात द्वितीय वर्ष बी.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या वर्गासाठी मी मूडलला, म्हणजे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याच्या आमच्या प्रणालीला, तीन बाहेरची साधने जोडली होती: आलेखांसाठी जिओजेब्रा, साप्ताहिक चाचणीसाठी प्रश्नमंजूषेचे एक संकेतस्थळ आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदींसाठी गूगल फॉर्म. शिकवणे चांगले झाले, मुलांनी कामेही केली. परंतु अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी गुण परीक्षा विभागाला द्यायच्या आदल्या रात्री मी ठिकठिकाणचे गुण एका तक्त्यात आणायला बसलो, तेव्हा कोणते गुण कोणाचे हेच सांगता येईना. ही यादी त्या रात्रीतून निघाली आहे. तीत एका बाबीने अवाजवी जागा अडवली आहे असे कोणाला वाटले, तरी ती जागा मी कमी करणार नाही.

ती बाब म्हणजे पीआरएन, अर्थात विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला कायम नोंदणी क्रमांक. साधन कोणते घ्यावे याचा विचार सुरू करण्याआधी मूडलमधील प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमधला 'आयडी नंबर' हा रकाना पीआरएनने भरून घ्यावा. आमच्याकडे तो रिकामाच होता, कारण एरवी त्यावाचून काही अडत नाही. अडते ते बाहेरचे गुण आत घेताना. ग्रेडबुकमध्ये, म्हणजे मूडलच्या गुणनोंदवहीत, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) आयात करू लागलो की कोणती ओळ कोणत्या विद्यार्थ्याची हे मूडल विचारते, आणि त्याचे उत्तर ईमेल, युजरनेम किंवा हा क्रमांक अशा एखाद्या खुणेनेच द्यावे लागते, नावाने देता येत नाही. ईमेलवर विसंबू नये. महाविद्यालयाने दिलेले खाते एक असते, फोनमध्ये चालू असलेले दुसरे, आणि फोन वडिलांचा असला तर फॉर्म तिसऱ्याच पत्त्यावरून येतो. नावांचे तर विचारूच नये: माझ्या यादीत 'पाटील पी.' तिघे होते, आणि प्रश्नमंजूषेला टोपणनाव चालत असल्यामुळे कोणा 'किंग ०७' याला २० पैकी १९ गुण होते. तो कोण, हे मला अजून कळलेले नाही.

आता याच पीआरएनचा अधिक घातक भाग. आमचा क्रमांक १६ अंकी आहे, आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळाव्याच्या जागी शून्य येते. प्रतिसादांची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की हे घडून गेलेले असते. रकान्यात '२.०२ई+१५' असे काहीतरी दिसते, म्हणून आपण रकाना रुंद करतो, त्याचे स्वरूप बदलतो, पूर्ण आकडे दिसू लागतात आणि आपले समाधान होते. मी नेमके हेच केले. ओळीने दिलेले क्रमांक शेवटच्या अंकापुरतेच वेगळे असल्याने तो अंक गेल्यावर दहा-दहा विद्यार्थी एकाच क्रमांकाचे झाले, आणि व्हीलूकअप या एक्सेलच्या शोधसूत्राने त्या दहांनाही त्यांच्यातील पहिल्याचे गुण देऊन टाकले. सूत्राने कुठेही चूक दाखवली नाही. सलग दहा जणांना १४ गुण पाहून मला शंका आली म्हणून बरे, नाहीतर त्या तक्त्यावर मी सही केली असती.

म्हणून फाइल डबल क्लिक करून उघडू नये. ती एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून आत घ्यावी आणि पीआरएनच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवावा. याहून सोपा उपाय म्हणजे मूडलमध्ये आणि फॉर्ममध्ये, दोन्हीकडे, क्रमांकाआधी 'पी' हे रोमन अक्षर लावणे; मग एक्सेल त्याला संख्या समजतच नाही. मूडलचे प्रशासक सर्वांचे क्रमांक एकाच फाइलने चढवू शकतात, पण तीही फाइल बहुधा एक्सेलमध्येच बनते, तेव्हा तिलाही हाच नियम लागू. फॉर्ममध्ये 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावून ते एक अक्षर आणि नेमके १६ इंग्रजी अंक एवढेच स्वीकारले जातील अशी अट घालावी, कारण ज्यांचा कळफलक मराठीवर असतो ती मुले देवनागरी अंक टाकतात. आपल्याला ते सारखेच दिसतात, तक्त्याला दिसत नाहीत. प्रथम वर्षाला पीआरएन उशिरा मिळत असेल तर तोवर प्रवेश क्रमांक वापरावा. पण वापरावा एकच, आणि सगळीकडे तोच.

साधनांविषयी थोडक्यात. जे मूडलमध्येच आहे ते बाहेरून आणू नये: एचफाइव्हपीची (परस्परसंवादी प्रश्न-पाठांची) कृती ३.९ या आवृत्तीपासून आणि ऑनलाइन वर्ग घेण्याचे बिगब्लूबटन ४.० पासून त्यात अंतर्भूत आहे. बाहेरचे साधन घ्यायचेच असेल तर एलटीआयने (बाहेरची साधने शिक्षणप्रणालीला जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने) जोडता येणारे घ्यावे, शक्यतो १.३ या आवृत्तीचे, म्हणजे विद्यार्थी मूडलमधूनच आत जातो आणि साधनाने ती सोय दिली असेल तर गुण आपोआप ग्रेडबुकात येतात. मात्र जोडणीच्या मांडणीत नाव पाठवणे, ईमेल पाठवणे आणि गुण स्वीकारणे अशा वेगवेगळ्या परवानग्या असतात. गुणांची परवानगी बंद राहिली तर साधन उत्तम चालते आणि ग्रेडबुक रिकामे राहते. ही मांडणी प्रशासकाच्या हाती असते, आणि प्रशासक म्हणजे बहुधा संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक, ज्यांना प्रवेशाच्या दिवसांत श्वास घ्यायला सवड नसते. त्यांना तीन आठवडे आधी गाठावे. गूगल फॉर्म मात्र एलटीआयने जोडला जात नाही, तो नुसता दुवा असतो. तेथे पुन्हा पीआरएन.

जोडलेल्या साधनाची चाचणी विद्यार्थ्याच्या खऱ्या खात्यातून आणि साध्या फोनवर करावी. शिक्षकाला विद्यार्थी म्हणून पाहू देणारा मूडलमधला 'भूमिका बदला' हा पर्याय पुरेसा नाही, कारण बाहेरच्या साधनापर्यंत ओळख शिक्षकाचीच पोहोचते. सफारीसारखे ब्राउझर परक्या संकेतस्थळाच्या कुकीज अडवतात, त्यामुळे मूडलच्या पानातल्याच चौकटीत उघडणारे साधन काहींना कोरे दिसते. ते नव्या खिडकीत उघडेल असे ठेवावे. मुदतीची वेळ कोणत्या कालक्षेत्रात आहे तेही पाहावे: साधनावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर रात्री ११.५९ ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९ ला संपते, आणि मूडल व ते साधन दोन वेगळ्या वेळा दाखवू लागतात.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या व्याख्येनुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, आणि प्रथम वर्षात १७ वर्षांची मुले असतात. त्यांची माहिती बाहेरच्या संकेतस्थळाला देण्यापूर्वी प्राचार्यांना लेखी विचारावे. जन्मतारीख आणि फोन क्रमांक मागूच नयेत.

पहिल्या आठवड्यात मूल्यमापनात न धरायची एक चाचणी घेऊन तिचे गुण ग्रेडबुकापर्यंत आणून पाहावेत. पीआरएन तेव्हाच तपासावेत: शेवटचा अंक शून्य असलेले दहातले एक-दोन असावेत, सगळेच तसे दिसले तर कुठे चुकले ते आता ठाऊक आहे.

सत्रान्ताला फॉर्म बंद करावा, प्रत्येक साधनातील गुण उतरवून घ्यावेत, अभ्यासक्रमाचा बॅकअप घ्यावा, पुढच्या वर्षासाठी प्रत काढली तर तिच्यातील दुवे पुन्हा तपासावेत. आणि उतरवलेली फाइल डबल क्लिक करून उघडू नये.