जिल्हा परिषदेत मुख्य माहिती अधिकाऱ्याचे काम कसे सुरू करावे

‘मुख्य माहिती अधिकारी’ असे म्हटले की जिल्ह्याच्या ठिकाणी ऐकणाऱ्याला आधी माहितीचा अधिकार आठवतो. 2005 च्या कायद्याने कार्यालयोकार्यालयी जन माहिती अधिकारी आले आणि राज्य पातळीवर मुख्य माहिती आयुक्त आले. जिल्हा माहिती अधिकारी प्रसिद्धीचे काम पाहतात, आणि एनआयसीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, जिल्हा अधिकारी आणखी वेगळे. येथे ज्या कामाविषयी लिहीत आहे ते यांपैकी कोणाचेच नाही. कार्यालयाकडची सगळी संगणकीय माहिती, ती ज्या प्रणालींत राहते त्या प्रणाली आणि त्यांवर होणारा खर्च यांची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याने घेण्याचे हे काम आहे. मराठवाड्यात ते सहसा सामान्य प्रशासन विभागातील एखाद्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते, आणि पहिल्याच दिवशी ‘साहेब, प्रिंटर चालेना’ अशी तक्रार घेऊन कोणीतरी दारात उभे असते.

म्हणून आरंभ कार्यालयीन आदेशापासून करावा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीच्या त्या आदेशात निदान दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्याही विभागाचा संगणक, संकेतस्थळ किंवा ॲप यांचा प्रस्ताव वित्त विभागाकडे जाण्यापूर्वी आपला लेखी अभिप्राय घ्यावा, आणि आपण आपली नस्ती थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे सादर करावी. यातली पहिली अट सुटली तर पद कागदावरच राहते. अमेरिकेने 1996 च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने संघराज्याच्या मोठ्या खात्यांत हे पद आणले आणि ते थेट खातेप्रमुखाच्या हाताखाली ठेवले, तरी खर्चावर पुरेसा अधिकार नसल्यामुळे खरेदी ज्याची त्याची चालूच राहिली. शेवटी 2014 मध्ये अंदाजपत्रकात या अधिकाऱ्याची संमती आवश्यक करणारा आणखी एक कायदा त्यांना करावा लागला.

आदेश हातात आल्यावर संगणक मोजत बसू नये. ते काम जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) आधीच झालेले असते. आपण नोंदवही करायची ती माहितीची. कोणती यादी कोणत्या विभागाची, ती भरतो कोण, चूक झाली तर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला, सर्व्हर कोठे आहे आणि करार कधी संपतो, असे रकाने पुरेत. दुरुस्तीचा रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ जातो, कारण तेथे प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ही नोंदवही परिपत्रक काढून, विवरणपत्र मागवून भरू नये. तालुक्याला जावे, संगणक परिचालकाच्या शेजारी खुर्ची टाकून अर्धा दिवस बसावे आणि तो काय करतो ते पाहावे.

एका पंचायत समितीत मी असाच बसलो असताना परिचालकाने टेबलाचा खण ओढला. आत डिजिटल स्वाक्षरीचे सात-आठ डोंगल होते, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर गावाचे नाव आणि खाली बॉलपेनने पिन. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार डिजिटल स्वाक्षरीला हाताच्या सहीइतकेच मोल आहे, म्हणजे त्या खणात सात-आठ अधिकाऱ्यांच्या सह्या पडून होत्या. यात लबाडी नव्हती. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (2024 मध्ये पदनाम बदलले, लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) दोन-तीन गावे असतात, गावात रेंज मिळेलच असे नाही आणि दाखल्यासाठी माणूस ताटकळत बसलेला असतो. अशा वेळी आधी कारणे दाखवा नोटीस काढली, तर डोंगल एका खणातून दुसऱ्या खणात जातात, इतकेच. त्यापेक्षा आठवड्यातील सहीचे वार ठरवून द्यावेत, त्या दिवशी अधिकाऱ्याने स्वतः तालुक्याला येऊन सह्या कराव्यात, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांच्या मुदतीची तारीखवार यादी आपल्याकडे ठेवावी. बदल्यांच्या हंगामासाठी एक नियम हवाच: जुने लॉगिन बंद झाल्याची नोंद झाल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघू नये.

यानंतरचे काम नावांचे आहे आणि मराठवाड्यात ते इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्या प्रणालींत जिल्हा नावाने ओळखला जातो, तेथे एकाच जिल्ह्याच्या जुन्या आणि नव्या नावाच्या दोन ओळी तयार होतात व बेरीज चुकते. यावर उपाय एकच: गाव, तालुका, जिल्हा हे सर्व नावाने न जोडता केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील, म्हणजे एलजीडीच्या, संकेतांकाने जोडावेत आणि नाव केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. नवीन प्रणालीच्या प्रस्तावावर अभिप्राय लिहिताना मी ही अट सर्वांत वर लिहीत असे.

माणसांच्या नावांची अडचण यापेक्षा बारीक आहे. हिंगोली-परभणीकडे कऱ्हाळे हे आडनाव सर्रास आढळते. त्यातला ‘ऱ्हा’ दोन रीतींनी टंकित होतो: एका रीतीत ‘ऱ’ हे युनिकोडमधले स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावे असतात. त्यामुळे लाभार्थी समोर उभा राहून स्वतःचे नाव वाचून दाखवतो आणि परिचालक ‘यादीत नाही’ म्हणतो. दोघेही खरेच बोलत असतात. कोणतीही यादी प्रणालीत घेण्यापूर्वी अशा जोड्या एकाच रूपात आणण्याची अट पुरवठादाराला लेखी घालावी आणि काम स्वीकारताना दहा-वीस कऱ्हाळे, गोऱ्हे, वऱ्हाडे शोधून पाहावेत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील फायली रूपांतरित केल्या असतील, तर तपासणी आणखी कसून करावी.

माहिती प्रसिद्ध करण्याचा मोह आवरावा लागतो. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी गावात लावली जाते, ते योग्यच. पण तीच यादी आधार आणि बँक खात्याच्या क्रमांकांसह व्हॉट्सॲपवर फिरते, ते मुळीच योग्य नाही. आधार क्रमांक जाहीर करण्यास 2016 च्या आधार कायद्यानेच मनाई आहे. अनुदानाच्या ई-केवायसीसाठी शेतकऱ्याला जो विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यावरून काम भागते. आपल्या संकेतस्थळावर जुन्या याद्या पडून असतील, तर त्या शोधून आजच उतरवाव्यात.

सायबर घटनेची तयारी एका पानावर मावते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनाही घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे बंधनकारक आहे आणि प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. 6 तास फार थोडे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी घटना घडली, तर वरिष्ठांची मान्यता घेण्यातच ते सरतील. त्यामुळे कळवण्याचा अधिकार आधीच आपल्या नावे लिहून घ्यावा. माहितीची एक प्रत कार्यालयाच्या इमारतीबाहेर असावी आणि तिमाहीतून एकदा ती उघडून पाहावी. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की वातानुकूलन थांबते, पण यूपीएसवर सर्व्हर चालूच राहतो आणि बंद खोलीत तापत जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किती वेळाने तो नीट बंद करायचा, हेही त्याच पानावर लिहावे.

करारांकडे येताना वार्षिक देखभालीच्या दरापेक्षा शेवटची कलमे आधी वाचावीत. करार संपल्यावर पुरवठादार माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत देणार आणि प्रशासकाचा पासवर्ड कोणाकडे देणार, हे तेथे नसेल, तर कितीही स्वस्त दर असला तरी प्रस्ताव परत पाठवावा. पासवर्ड आल्यावर तो लखोट्यात बंद करून, लखोट्यावर तारीख घालून कोषपेटीत ठेवावा आणि आपली बदली होईल त्या दिवशी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत त्या लखोट्याचा स्वतंत्र अनुक्रमांक असावा.