वाईनच्या द्राक्षांची तोडणी कशी करायची (दिंडोरीकडच्या छोट्या बागांसाठी)

आमच्याकडे दिंडोरी-निफाडला जवळपास प्रत्येकाची सुरुवात थॉमसन, सोनाका या खायच्या (टेबल) द्राक्षांपासून झालेली, त्यामुळे सोव्हिन्यॉं ब्लां नाहीतर शिराझ ही वाईनची जात लावली तरी नजर टेबल द्राक्षाचीच राहते. मणी मोठा कधी होणार, घड भरलेला दिसतोय का हेच बघत बसतो आपण. वाईनला मोठा मणी नकोच असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त पडते आणि रंग, वास बराचसा त्या सालीतच असतो. म्हणून इथे जीएचं (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं संजीवक) डिपिंग नाही, मणी फुगवायचा खटाटोप नाही.

तोडणी जानेवारी ते मार्च. छाटणी पुढेमागे झाली असेल तर आठवडे सरकतात, आणि निफाडसारखी कडाक्याची थंडी पडली की साखर हळू चढते, तेव्हा शेजाऱ्याची बाग तुटली म्हणून आपली तोडायची नाही.

सॅम्पल नीट घ्या, सगळा खेळ तिथेच आहे. मी पहिल्या वर्षी रस्त्याकडच्या ओळीतले वरवरचे पिकलेले मणी चाखले, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) मस्त आला, तोडणी लावली आणि गाडी वायनरीत गेल्यावर रीडिंग दोनने कमी निघालं, दर कापला गेला. चूक माझीच होती. आता मी बांधाकडच्या ओळी आणि ओळीच्या टोकाची झाडं सोडून देतो, आतून शंभर-दीडशे मणी घेतो, थोडे उन्हाच्या बाजूचे थोडे सावलीचे, घडाच्या खांद्यावरचे आणि शेंड्याचेपण (खांद्याचा मणी जास्त गोड असतो). सगळे एका पिशवीत चुरायचे, रस हलवायचा आणि मगच रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) थेंब टाकायचा. पांढऱ्याला साधारण 21-22, लालला 23-24 असं धरून चाला, स्पार्कलिंगसाठी (बुडबुड्यांच्या वाईनसाठी) मात्र बरंच आधी तोडतात. नक्की आकडा तुमच्या करारात असेल तोच, आणि पीएच, ॲसिड वायनरीकडून तपासून घ्या कारण नुसत्या साखरेवर भागत नाही. बी चावून बघा, हिरवी असेल तर लाल द्राक्षाला अजून थांबा.

शेवटच्या फवारणीची तारीख वहीत पाहिजेच. भुरी रोगासाठी गंधक मारलं असेल आणि ते मण्यावर राहिलं तर वाईन आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यामुळे तोडणीच्या तोंडावर गंधक नकोच.

माणसं आधीच सांगून ठेवा. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या या दिवसांत सगळीकडे गुंतलेल्या असतात, त्यांची मजुरी वेळेवर द्या, चहा-नाश्ता आणि हाताला हातमोजे द्या, पहाटेच्या गारठ्यात ओले घड धरून बोटं बधिर होतात त्यांची. पहाटे अंधारात हेडलाईट लावून सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत संपवायचं, कारण तापलेलं द्राक्ष कॅरेटमध्येच आंबायला लागतं. दव खूप असेल तर थोडं थांबा.

कॅरेट काठोकाठ भरू नका, वरचं कॅरेट बसलं की मणी फुटतात. पानं, कुजके घड, काडी जागेवरच काढायची. भरलेली कॅरेट सावलीत ठेवा, गाडी बांधावर उभी असू द्या आणि शेवटचं कॅरेट चढलं की लगेच निघा, वाटेत जेवायला थांबू नका.

वायनरीत वजन आणि ब्रिक्स दोन्ही स्वतः उभं राहून बघा, पावती खिशात घालूनच परत या.