मॅच-थ्री गेमचे रंग पारखताना या चुका टाळा

तीन सारखे खडे एका रांगेत आणायचे, ते फुटले की वरचे खाली घसरतात. मॅच-थ्री गेममध्ये प्रत्येक चाल रंग ओळखण्यावर अवलंबून असते. तरीही नव्या गेमची रंगसंगती बघताना 'मस्त दिसतेय' म्हणून शिक्का मारला जातो आणि मग खेळणारे कंटाळून गेम का सोडतात, ते कळत नाही.

रंगपट्टीवरून निकाल देऊ नका

मोठ्या मॉनिटरवर सहा चौकोन शेजारी मांडले तर लाल आणि राणी रंगात कुणाचाच गोंधळ होणार नाही. फोनवर तोच खडा नखाएवढा होतो, आठ बाय आठच्या बोर्डावर असे ६४ असतात आणि नजर कुठेच ठरत नाही. साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्यांवर विसंबत नाही, दाराशी नेऊन उजेडात बघतो. इथेही तेच करा. मुंबईत असा गेम लोकलमध्ये खेळला जातो: दुपारचं ऊन खिडकीतून थेट स्क्रीनवर, बॅटरी वाचवायला ब्राइटनेस कमी, एक हात वरच्या कडीला. उन्हाच्या झळाळीत गडद रंग आधी मार खातात. निळा, जांभळा, चॉकलेटी सगळे एकसारखे काळपट दिसतात. रात्री घरी नाइट लाइट चालू असेल तर पांढरा पिवळ्याकडे झुकतो. दोन्ही वेळी खेळून बघा.

उजळपणाकडे दुर्लक्ष: सगळ्यात महागात पडणारी चूक

आपण रंगांची नावं वेगळी आहेत ना, एवढंच बघतो. पण छोट्या आकारात, घाईत डोळ्याला आधी जाणवतो तो उजेड-अंधाराचा फरक. स्क्रीनवरच्या रंगाचा उजळपणा मोजताना काळा ० आणि पांढरा १ मानून हिरव्याचा वाटा ०.७१५२, लाल ०.२१२६ आणि निळा फक्त ०.०७२२ धरतात. म्हणजे शुद्ध पिवळा ०.९३ च्या आसपास जातो, आकाशी निळा (हिरवा अधिक निळा) ०.७९ वर, शुद्ध निळा पार तळाशी. आता लाल आणि राणी बघा: ०.२१ आणि ०.२८. नावं वेगळी, उजळपणा जवळपास एकच. खेळणारा 'इथे तीन होते की!' म्हणून बोट सरकवतो आणि चाल परत फिरते. अशी तक्रार आली की आधी ही जोडी शोधा.

शोधायला फार काही लागत नाही. बोर्डाचा स्क्रीनशॉट काळा-पांढरा करा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रंगांधळेपणाच्या सिम्युलेशनमध्ये एकरंगी पर्याय असतो, विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ग्रेस्केल फिल्टर मिळतो. करड्या बोर्डावर जे दोन खडे एक झाले, त्यातला एक ठळकपणे गडद किंवा फिका करा. लाल तसाच ठेवून राणीचा फिका गुलाबी केला, तरी बरंच काम होतं. सहाही रंगांना पुरेशा वेगळ्या पायऱ्या मिळणं कठीण असतं, हे मान्य. तिथे आकार कामाला येतो.

फक्त रंगावर भिस्त

लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांत हे जास्त आढळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के. भारतात प्रमाण कमी धरलं, तरी गर्दीच्या वेळी लोकलच्या एका डब्यात असा एखादा तरी खेळाडू असणारच. त्याला बाहेर ठेवणारा गेम मला अपुरा वाटतो, मग रंग कितीही देखणे असोत. २००१ च्या बिज्वेल्डमध्ये सात रंगांच्या खड्यांना सात आकार होते. २०१२ च्या कँडी क्रशमध्येही प्रत्येक रंगाच्या गोळीचा घाट निराळा आहे. गोल, चौकोन, थेंब, तारा अशी बाह्यरेषाच बदला. खड्याच्या पोटात काढलेली बारीक नक्षी फोनवर दिसत नाही.

खडे सुटे तपासणं

पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यातला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. रंग ठीक होता, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. गेममध्ये हा शेजार म्हणजे पार्श्वभूमी. केशरी खडा निळ्या पार्श्वभूमीवर पेटून उठतो, पिवळसर वाळूवर मरगळतो. मागे झाडं, किल्ले, सूर्यास्त रंगवायचा मोह होतोच, पण बोर्डाखालचा भाग सपाट आणि कमी रंगाचा ठेवा.

खेळताना खड्यांवर येणारा बर्फाचा थर, साखळी, चमक हेही रंगावरच चढतात. अर्धपारदर्शक पांढऱ्या थराखाली सगळे खडे फिके होऊन एकमेकांजवळ येतात. काळ्या-पांढऱ्याची चाचणी थरासकट पुन्हा करा.

अवघडपणा वाढवायला नवा रंग

सातवा रंग घातला की जुळण्याच्या शक्यता घटतात आणि बोर्ड वारंवार अडकतो. शिवाय उजळपणाच्या पायऱ्यांत जागा उरलेली नसते, त्यामुळे नवा रंग कुणाच्या तरी अंगावर येतोच. अवघड पातळी हवी असेल तर चाली कमी करा, अडथळे वाढवा. नवा रंग घ्यायचाच असेल तर पांढरा किंवा गडद करडा आधी आजमावा, कारण त्या दोन टोकांना बहुधा जागा मोकळी असते.