पार्किंग आणि सामाईक रस्त्यावरून भांडताय? आधी या चुका टाळा

सोसायट्यांची कागदपत्रं, मोजण्या, खरेदीखतं यातच माझी बरीच वर्षं गेलीत. पार्किंगचं भांडण घेऊन जो येतो त्याच्या मोबाईलमधे शेजाऱ्याच्या गाडीचे ढीगभर फोटो असतात, एखादा व्हिडिओ असतो, त्यात स्वतःच दिलेल्या शिव्याही स्वच्छ ऐकू येतात, पण "तुमच्या खतात रस्त्याबद्दल काय लिहिलंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "ते बघावं लागेल." अहो मग बघा ना आधी! चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते, वाचायला पाच मिनिटं लागतात. भांडायला मात्र लोकांकडे दोन-दोन वर्षं असतात.

मोजणी न करता गेट, पिलर, भिंत घालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सांगलीकडची एक जुनी कॉलनी. एक प्लॉट, दोन भावांनी वाटून घेतलेला, पुढे एक घर आणि मागे एक, मागच्याला जायला पूर्वेच्या कडेने रस्ता. पुढे दोन्ही घरं विकली गेली. मागच्या घराच्या खतात लिहिलेलं, "पूर्वेकडील १० फूट रुंदीचा रस्ता जाण्यायेण्यासाठी सामाईक". मागच्याकडे अल्टो होती तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं, दिवाळीला फराळाची ताटंपण जायची. मग पुढच्याने नवीन गेट बसवलं, त्याचा आरसीसी पिलर रस्त्यात घेतला, आणि त्याच सुमारास मागच्याच्या मुलाने इनोव्हा क्रिस्टा आणली. आता अल्टोची रुंदी १४९० मिलिमीटर आणि क्रिस्टाची १८३०, म्हणजे एक फुटापेक्षा जास्त फरक, आणि ब्रोशरमधली ही रुंदी आरसे सोडून असते. पहिल्याच आठवड्यात डावा आरसा पिलरला घासला. मग पुढच्याची ॲक्टिव्हा मुद्दाम रस्त्यात लागायला लागली, मग मागच्याचा हॉर्न रात्री साडेअकराला वाजायला लागला.

शेवटी पुढचाच म्हणाला, होऊन जाऊ दे एकदाचं, आणि नगर भूमापनला हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला, तोपण अतितातडीची फी भरून. भूकरमापक आले, पूर्वेची हद्द कायम केली, तिथून दहा फूट आत टेप धरला तर टेपचं टोक पुढच्याच्याच कंपाउंड वॉलच्या आत जाऊन पडलं. म्हणजे पिलर सोडाच, मूळ भिंतच दीड फूट रस्त्यात होती. ज्याने फी भरली तोच हरला! मागच्याने त्याच दुपारी पेढे आणले. पण मोजणी काही पूर्वेला थांबत नाही, चारी बाजूंनी होते, आणि पश्चिमेला पोचल्यावर असं निघालं की मागच्याचा सेप्टिक टँक निम्मा पुढच्याच्या हद्दीत आहे. पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर तसाच उघडा राहिला आणि दोघं आपापल्या घरात.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली, कारण आता दोघांनाही एकमेकांची गरज होती. पिलर तोडला, भिंत जुनी म्हणून ठेवली पण गेटपाशी वळणाला जागा कापून दिली, सेप्टिक टँक आहे तिथेच ठेवायला परवानगी, आणि हे सगळं लिहून दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घ्या असं सांगणारे महाभाग तिथेही होते. स्थावर मालमत्तेतला हक्क देताय तर तो दस्त नोंदवावा लागतो, नोटरीच्या शिक्क्याने हक्क तयार होत नाही. हा शॉर्टकट मारलेले कागद मी इतके बघितलेत की आता चिडही येत नाही.

माझी सवय विचाराल तर अशी: आधी खत, मग मंजूर नकाशा किंवा लेआउट, मग प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मग मोजणी आणि तिची क-प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), आणि बांधकाम सगळ्यात शेवटी. गवंडी रविवारी मोकळा आहे हे पिलर घालायचं कारण होऊ शकत नाही.

"तोंडी ठरलं होतं" आणि "जाऊ दे, बघू"

या दोन चुका जोडीने येतात. एकजण चांगुलपणाने रस्ता वापरू देतो आणि दुसरा तो हक्क समजायला लागतो.

दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा आहे आणि अजून चालतो. त्याचं कलम १५ सांगतं की उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून सलग २० वर्षं वहिवाट असेल तर तो हक्क पक्का होतो. यातले "हक्क म्हणून" हे शब्द लोक वाचतच नाहीत. तुम्ही परवानगी दिली म्हणून तो जात असेल तर ती नुसती परवानगी, वर्षं कितीही होवोत. त्यामुळे शेजाऱ्याला तुमच्या जागेतून गाडी नेऊ देताय तर खुशाल द्या, पण एक साधं पत्र करा, की अमुक तारखेपासून माझ्या परवानगीने वापरत आहे, दोघांच्या सह्या. लोकांना हे असं कागद मागणं म्हणजे अपमान वाटतो. वीस वर्षांनी दोघांची मुलं कोर्टात उभी राहतात तेव्हा तो कागद नसतो आणि "आमचे वडील असं म्हणाले होते" एवढंच उरतं.

आता उलट बाजू. तुमचा रस्ता कुणी अडवला, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही वर्षभर गप्प बसलात, तर तो त्या वहिवाटीत खंड धरला जाऊ शकतो. म्हणून गणपती होऊ दे, दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे असं करत बसू नका. पोचपावती घेऊन लेखी हरकत लगेच द्या. शेतातल्या वाटेसाठी तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जायची मुदत अडथळा आल्यापासून सहाच महिन्यांची आहे, आणि गावाकडचे लोक हमखास सातव्या महिन्यात उगवतात.

बिल्डरच्या पावतीवर विसंबणं

"मी पार्किंगचे वेगळे तीन लाख मोजलेत!" बरोबर आहे, मोजले असतील. पण नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधेच सांगून टाकलंय की महाराष्ट्राच्या मोफा कायद्याखाली (फ्लॅट विक्रीचा जुना कायदा) स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, किंवा उघडं पार्किंग बिल्डर फ्लॅटपासून वेगळं विकू शकत नाही. रेरा हा बांधकाम प्रकल्पांचा नवा कायदा आल्यावर बंदिस्त गॅरेज आणि कव्हर्ड पार्किंग विकता येतं, उघडं पार्किंग नाही, ते सामाईक. महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आणि २०२४ मधे असंही सांगितलं की पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, जागा हे करारातच यायला पाहिजे. नवीन फ्लॅट घेताना लोक किचनचा ओटा मोजतात आणि पार्किंग नकाशावर बोट ठेवून घेतात, तेसुद्धा दोन कॉलमच्या मधे, जिथे दार उघडत नाही.

सोसायटीने दिलेलं पार्किंग सभासदाला विकता येत नाही किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, लिहिलंय. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. "मी पहिल्या दिवसापासून इथेच लावतो" याला काही अर्थ नाही काका, खरंच नाही.

बाकीच्या, पटापट

टायरची हवा सोडणं, चावीने रेघ ओढणं: तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी आता आरोपी तुम्ही. समोरच्याचा वकील याचीच वाट बघत असतो.

घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर कुंड्या, दगड, फुटकी खुर्ची ठेवणं: तो रस्ता तुमचा नाही. घरी रंगवलेल्या "नो पार्किंग" पाटीलाही काडीची किंमत नाही, पुण्यात तर अशा पाट्यांखालीच गाड्या लावतात.

आडवी गाडी लावून समोरच्याला कोंडणं: वाट अडवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम १२६. "मी दहा मिनिटांसाठीच लावली होती" हे पोलिसांना सांगा.

चुकीच्या दारात जाणं: सोसायटी आणि सभासद यांचा पार्किंगचा वाद साधारण सहकार न्यायालयाचा (सहकार कायदा १९६०, कलम ९१), दोन बंगल्यांमधला दिवाणी कोर्टाचा. पोलीस मारामारी, दमदाटी, तोडफोड यासाठी. जागा कुणाची हे चौकीत ठरत नाही, तिथे फार तर एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) मिळते आणि लोक ती जिंकल्यासारखी लॅमिनेट करून आणतात.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं: नका. रात्री एकला टाकलेला मेसेज डिलीट केला तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्क्रीनशॉट काढलेला असतो, आणि तो पुढे कोर्टात लावला जातो. तक्रार कमिटीला लेखी द्या, आवक नंबर घ्या.

थेट वकिलाची नोटीस: नोटीस गेली की समोरचा पण वकील करतो, आणि मग ते दोघं बोलतात, तुम्ही दोघं नाही. दोन्ही घरांना ओळखणारा एखादा माणूस मधे घालून, रविवारी सकाळी, कागद समोर ठेवून आधी बसा. नाहीच जमलं तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल करायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी फूट-इंच नीट लिहून घ्या, "पुरेसा रस्ता" असलं काही चालवून घेऊ नका.